तोंड धुऊन वॉर्डात परतणाऱ्या ताईंना

पत्र थोडक्यात असं: "मी 39 वर्षांची, पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. वडील दारू प्यायचे आणि आईला मारायचे. मी धाकट्या भावंडांना घेऊन मागच्या खोलीत बसायचे. आई सांगून ठेवायची, 'रडू नका, आवाज गेला तर इकडे येतील.' तेव्हापासून माझं रडणं बंद झालं. आई गेली तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. गेल्या वर्षी गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. नवरा ढसाढसा रडला, मी भेटायला येणाऱ्यांसाठी चहा टाकत होते. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, हिचा विश्वास बघा. नवरा आता म्हणतो, 'या घरात मी एकटाच राहतो.' मला त्याच्याशी बोलायचं असतं, पण घशात काहीतरी अडतं आणि मी भांडी घासायला उठते. अलीकडे ड्यूटीवर अचानक डोळे भरून येतात. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुते आणि वॉर्डात परत येते. त्यात आता वडिलांना लकवा झालाय. भाऊ म्हणतो, 'तू नर्स आहेस, ख्रिस्ती आहेस, क्षमा कर आणि त्यांना घेऊन जा.' माझा विश्वास कमी पडतोय का? मनाभोवती बांधलेली ही भिंत कशी पाडू? आणि क्षमा करायची म्हणजे वडिलांना घरात आणायचंच का?"

प्रिय ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्याचं ओझं तुम्ही विनाकारण वाहताय. नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. मागच्या खोलीत दोन लेकरांना पोटाशी धरून बसलेल्या मुलीने जे केलं, ते शहाणपणाचं होतं. आवाज दाबला म्हणून ती तिघं वाचली. ती भिंत तुमच्या हट्टाने उभी राहिली नाही आणि देवाविरुद्धही उभी राहिली नाही. एवढ्या लहान वयात एवढं मोठं काम केलेल्या त्या मुलीचा राग करू नका. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल 'दगड' हा शब्द दोनदा वापरलाय. तो मागे घ्या, अशी माझी विनंती आहे. दगडाचे डोळे ड्यूटीवर भरून येत नाहीत.

तुम्ही सिस्टर आहात, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. मोडलेल्या हाडाला प्लॅस्टर लागतंच, आणि त्या दिवसांत ते काढायला सांगणारा माणूस मूर्ख. पण हाड जुळल्यावरही प्लॅस्टर तसंच ठेवलं, तर आतला स्नायू वाळतो, सांधा धरतो. आणि ते उतरवल्यावर पहिले काही दिवस हात हलका वाटत नाही, दुखतो. तुम्हाला अलीकडे जे होतंय ते तेच आहे, असं मला वाटतं. घरात आता मारणारं कोणी नाही. शेजारी रडू शकणारा नवरा आहे. तुमच्या मनाने हे तुमच्या आधी ओळखलंय, आणि म्हणून ते भलत्या वेळी, भलत्या जागी, सलाइन लावता लावता भरून येतंय.

आता मंडळीतल्या 'हिचा विश्वास बघा' या बोलण्याविषयी. ते कोणी वाईट मनाने बोललं नसेल. पण आपल्या मंडळ्यांमध्ये ही सवय खोल रुजली आहे. दफनाच्या वेळी कोणी रडायला लागलं की खांद्यावर हात येतो, "रडू नका, ती प्रभूजवळ गेली." जो रडत नाही तो विश्वासात भक्कम, जो रडतो तो कच्चा, असा हिशेब आपण नकळत मांडून ठेवलाय. शास्त्रात मला असा हिशेब कुठेही सापडत नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे ठाऊक असूनही रडला. शेवट चांगला होणार आहे, हे माहीत असणं आणि आत्ताचं दुःख खरं असणं, या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी एकत्र राहू शकल्या. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना 'ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका' असं म्हटलंय. शोकच करू नका, असं त्याने म्हटलेलं नाही. इब्री लोकांस पत्रात तर येशूने मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केल्या, असं स्पष्ट लिहिलंय. आणि स्तोत्र 88 एकदा शेवटपर्यंत वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. ज्याची प्रार्थना अजून स्तुतीपर्यंत पोहोचलेली नाही, अशा माणसालाही देवाने आपल्या पुस्तकात जागा दिली. या गोष्टीने माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांना धीर दिलाय.

पण तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा बायबलातला योसेफ येत होता. संडे स्कूलमध्ये आपण त्याचा रंगीत झगा शिकतो, स्वप्नं शिकतो, तो मिसराचा, म्हणजे इजिप्तचा, अधिकारी झाला हे शिकतो. तो किती वेळा आणि कसा रडला, हे कुणी शिकवत नाही.

सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि वीस रुप्याच्या नाण्यांना विकलं. त्या प्रसंगाचा अध्याय आहे उत्पत्ती 37. तो पुन्हा वाचा, भावांनी त्याला धरल्यापासून पुढे त्यात योसेफाचा एक शब्द नाही. खड्ड्यातून तो ओरडला का, गयावया केली का, काहीच नाही. भाऊ जेवायला बसले, एवढंच लिहिलंय. ओरडल्याची गोष्ट आपल्याला समजते ती थेट 42व्या अध्यायात, वीसेक वर्षांनी, आणि तीही भावांच्या तोंडून. धान्य घ्यायला मिसरात आलेले ते एकमेकांना म्हणतात, तो आपल्याला काकुळतीने विनवत होता, त्याच्या जिवाची तळमळ आपण पाहिली आणि ऐकलं नाही. इतकी वर्षं ती किंकाळी गोष्टीतून गायबच होती. तुमचीही तशीच होती, ताई. मागच्या खोलीतली.

या मधल्या काळात योसेफाने काय केलं? कामात तो उत्तम. पोटीफराच्या घरात, तुरुंगात, फारोपुढे, जिथे ठेवाल तिथे विश्वासू आणि उपयोगी. मिसरी नाव घेतलं, मिसरी पोशाख घातला, मिसरी घरात लग्न केलं. पहिला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवताना म्हणाला की देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. बिचारा. ज्याला खरोखर विसर पडलाय, तो लेकराला हाक मारताना रोज त्याची आठवण काढत नाही. भाऊ समोर आले तेव्हा त्यांची भाषा कळत असूनही तो दुभाष्यामार्फत बोलला. स्वतःच्या आईच्या भाषेत बोलणाऱ्या माणसांसमोर आपण परके असल्याचं दाखवत राहिला. आणि भावांचं ते बोलणं कानावर पडलं तेव्हा तोंड फिरवून बाजूला गेला, रडला, परत आला आणि त्यांच्यातल्या शिमोनाला बांधायचा हुकूम सोडला.

पुढे 43व्या अध्यायात धाकटा बन्यामीन दिसला तेव्हा तर त्याला आवरेना. घाईने आतल्या खोलीत गेला, रडला, तोंड धुतलं, बाहेर आला, मन आवरलं आणि म्हणाला, जेवण वाढा.

तोंड धुतलं आणि बाहेर आला. तुमच्या पत्रात हेच वाक्य आहे. हजारो वर्षांपूर्वी मिसरात एक बडा अधिकारी हेच करत होता आणि पवित्र आत्म्याने ते लिहून ठेवण्याजोगं मानलं. त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही, अविश्वासू म्हटलं नाही. त्या बाथरूममध्ये तुम्ही एकट्या असता असं तुम्हाला वाटतं. देवाला ती खोली चांगली ओळखीची आहे.

मग योसेफाचा बांध फुटला कधी? भावांनी 'झालं गेलं विसर' म्हटलं तेव्हा नाही. यहूदाने, ज्याने त्याला विकायची कल्पना काढली होती त्याच यहूदाने, पुढे येऊन सांगितलं की या धाकट्याऐवजी मला गुलाम करून ठेवा, मी बापाचं दुःख बघू शकणार नाही. माणूस बदललाय हे डोळ्यांना दिसलं, तेव्हा फुटला. आणि तेव्हाही त्याने एक गोष्ट केली, जिच्याकडे मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधते. त्याने आधी सगळ्या मिसऱ्यांना बाहेर घालवलं. खोलीत कोण असावं हे त्याने ठरवलं. मग तो एवढ्या मोठ्याने रडला की बाहेरच्यांनीही ऐकलं, पण त्याचा चेहरा ज्यांनी पाहायचा, त्यांनीच पाहिला. त्यानंतर भाऊ त्याच्याशी बोलू लागले, असं पुढे लिहिलंय. पूर्वी हेच भाऊ त्याच्याशी धड शब्दही बोलत नव्हते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: भिंत पाडायची नाही. तिला दार करायचं, आणि दार कोणाला उघडायचं ते तुम्ही ठरवायचं. पहिल्यांदा देवाला, मग एका माणसाला.

देवाला उघडायचं म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही मंडळीत प्रार्थना करता तेव्हा ती छान होते, तुम्ही लिहिलंय. महिला मंडळात तुम्हालाच सांगतात. ती प्रार्थना काही दिवस बाजूला ठेवा. एकट्या असताना, घरात ज्या बोलीत आईशी बोलायचात त्या बोलीत, देवाला एकच गोष्ट सांगा, जी मंडळीत म्हणता आली नसती. 'मला तुझा राग आलाय' ही असेल, 'त्या खोलीत तू कुठं होतास' ही असेल, 'माझं बाळ का नेलंस' ही असेल. वाक्य पुरं झालं नाही तरी चालेल. रडू आलं नाही तरी चालेल, ओढूनताणून आणू नका. स्तोत्रकर्त्यांनी 'कुठवर, हे परमेश्वरा, कुठवर' असं विचारलंय आणि देवाने त्यांचं तोंड बंद केलं नाही. तुमच्या घरात मोठ्या आवाजाला मार मिळायचा. स्वर्गातल्या पित्याबद्दलही मनाच्या तळाशी तीच धास्ती असणार, हे मी समजू शकते. दारू प्यायलेल्या बापाच्या लेकीला 'हे आमच्या बापा' म्हणणं सोपं नसतं. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्या प्रभूच्या प्रार्थनेच्या त्या पहिल्या शब्दांवर ओठ हलवतात आणि आवाज काढत नाहीत. सध्या तेवढंच जमत असेल तर तेवढंच करा. येशूला थेट हाक मारा. त्याच्या हातांवर जखमा आहेत. पुन्हा उठल्यावर त्याला त्या नाहीशा करता आल्या असत्या. त्याने तसं केलं नाही, शिष्यांना त्या दाखवल्या.

श्रद्धा डोक्यात असणं आणि ती जखमेपर्यंत पोहोचणं यात वेळ जातो. पंडिता रमाबाईंचंच पाहा. दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. तेवीस वर्षांची ही बाई कडेवर लहान मुलगी घेऊन एकटी उरली. 1883 मध्ये इंग्लंडात वँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं लागली. एवढी विदुषी, मूळ भाषांमधून बायबल मराठीत आणणारी, आणि हे ती मोकळेपणाने सांगते. दुष्काळाने जिचं घर नेलं, तिने पुढे 1897 च्या आणि 1900 च्या दुष्काळातून मुली उचलून केडगावला आपल्या आश्रमात आणल्या. तुम्हाला आठ महिने किंवा आठ वर्षं लागली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता माणसाविषयी. ताई, तो माणूस तुमच्या घरात आहे. 'या घरात मी एकटाच राहतो' हे तुमच्या नवऱ्याचं वाक्य तुम्ही आरोप म्हणून वाचलंत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मी ते हाक म्हणून वाचते. त्याचंही बाळ गेलंय. तो रडला, आणि त्याच्यासोबत रडायला कोणी नव्हतं, तुम्ही चहा करत होता. मी दोष देत नाही. पण त्याला वाटत असेल की बाळ फक्त त्याचंच गेलं. त्याला एवढंच सांगा, की मला बोलायचं असतं आणि घशात अडतं. मला जे लिहिलंत तेच. समोर बसून जमलं नाही तर अंधारात पडल्या पडल्या सांगा, तेही नाही तर चिठ्ठी लिहून त्याच्या डब्यात ठेवा. भांडी घासायला उठावंसं वाटलं तर उठा, पण त्याला म्हणा, "तू इथं ओट्याशी उभा राहा." पाठ फिरवून बोलणंही बोलणंच असतं.

आणि बाळासाठी काहीतरी करा. पाचव्या महिन्यातलं बाळ म्हणजे लोकांच्या लेखी 'झालं ते झालं, पुन्हा राहील'. तुमच्या लेखी तसं नाही, म्हणून तर हे पत्र आलं. तुमच्या पाळकांना सांगून घरीच एक छोटी प्रार्थना ठेवा, तुम्ही दोघं आणि पाळक, हवं तर पाळकबाई. नाव ठेवलं होतं तर त्या नावाने प्रार्थना करा, नसेल तर आता ठेवा. चहा करायला शेजारणीला सांगा. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही, हे माझं सांगणं समजा.

एक सावधगिरीची सूचना, आणि ती मी जोर देऊन करते. संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्याच्या मोठ्या प्रार्थनासभेत, माइकसमोर, साक्ष म्हणून हे पहिल्यांदा बोलू नका. मी संजीवनाच्या विरोधात नाही. केडगावला 1905 मध्ये मुली मोठमोठ्याने रडत प्रार्थना करत होत्या आणि त्यातून पुष्कळ चांगलं झालं. पण त्या मुली एकमेकींसोबत राहत होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुली आणि त्यांच्या रमाबाई समोर होत्या. आजच्या सभेत बोलणारा पाहुणा रात्रीच्या गाडीने निघून जातो, आणि तुमची उघडी जखम व्हिडिओत आणि लोकांच्या तोंडी राहते. कोणी डोक्यावर हात ठेवून 'आत्ताच्या आत्ता सोडून दे' म्हणून दटावलं, तर नम्रपणे उठून या. गेथशेमाने बागेत प्रभूनेही आपलं दुःख सगळ्या जमावाला सांगितलं नाही. शिष्यांतून तिघांना घेऊन पुढे गेला आणि त्यांना म्हणाला, माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने सोबत मागितली. ज्याने सगळं जग निर्माण केलं त्याला तीन मित्र जवळ हवे होते, आणि ते तर झोपून गेले. तुम्हाला माणूस हवासा वाटणं हा कमकुवतपणा असेल, तर मग तो त्याच्यापाशीही होता.

समुपदेशकाकडे जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मी आपणहून सांगते. जा. लहानपणी घरात मारहाण पाहिलेल्या माणसाला आतल्या गोष्टी उकलताना सराव असलेल्या कुणाचा आधार लागतो, आणि दरवेळी तो पाळकांकडे किंवा नवऱ्याकडे असेलच असं नाही. प्रार्थना करून बीपीच्या गोळ्या बंद करणाऱ्या पेशंटला तुम्ही काय सांगता? तेच स्वतःला सांगा. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, त्याचं वैद्यकपण पौलाला कधी अडचणीचं वाटलं नाही. लगेच कोणाकडे जाणं जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा जगू नये असे विचार आले, तर त्याच दिवशी फोन करा आणि नवऱ्याला उठवा. तेव्हा घसा अडला तरी त्याचा हात हलवा.

राहिले वडील.

तुमच्या भावाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, क्षमा आणि सेवा. त्यात 'तू नर्स आहेस' ही तिसरी गाठ मारली. एकेक सोडवू या. क्षमा म्हणजे सूड देवाच्या हाती देणं. ती तुम्ही कराल, हळूहळू कराल, कदाचित पुन्हा पुन्हा करावी लागेल. पण क्षमा केली की माणूस आपोआप भरवशाचा होतो, असं शास्त्र म्हणत नाही. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एकदा झोपेत दाविदाच्या हाती सापडला होता. दाविदाने त्याला मारलं नाही, फक्त त्याचा भाला उचलून नेला. शौल म्हणाला, माझ्या मुला, परत ये, मी तुझं पुन्हा वाईट करणार नाही. आणि त्या अध्यायाच्या शेवटी काय लिहिलंय? दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. दाविदाची क्षमा खरी होती, म्हणून तर त्याने भाला परत दिला. पण तो शौलाच्या घरी राहायला गेला नाही. यहूदा बदलला होता. शौलाचं तसं नव्हतं. तुमचे वडील यहूदासारखे की शौलासारखे, हे मला इथून ठरवता येत नाही. तुमच्या पत्रात त्यांनी कधी पश्चात्तापाचा एक शब्द काढला असं कुठेही आलेलं नाही, एवढंच मी पाहिलं.

दुसऱ्या बाजूने, ते आजारी आहेत आणि ते तुमचे वडील आहेत, ही गोष्ट मी पुसून टाकणार नाही. 'देवाला अर्पण' असं म्हणून आईबापाचा खर्च टाळणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावलंय. लकवा झालेल्या माणसाला कूस बदलून द्यावी लागते, भरवावं लागतं, फिजिओथेरपी लागते. हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. ती जबाबदारी तुमची आहे, तशी भावाची आहे, तशी धाकट्या बहिणीचीही आहे. पण मान राखणं म्हणजे स्वतःच्या झोपायच्या खोलीत आणणं, असा अर्थ होत नाही. पैशाचा वाटा उचलता येतो. गावातच दिवसा बघायला माणूस ठेवता येतो. औषधं, व्यायाम, बेडसोअर होऊ नये म्हणून काय करायचं, हे तुम्ही भावाला फोनवर शिकवू शकता, आणि त्यात तुमचं नर्स असणं खरोखर कामी येईल. ज्या वर्षी तुमचं बाळ गेलं, ज्या वर्षी पहिल्यांदाच तुमच्या आत काही हललंय, त्याच वर्षी त्यांना चोवीस तास घरात ठेवलं तर भिंत पुन्हा उभी राहील, आणि या वेळी नवराही तिच्या पलीकडे राहील. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: आत्ता आणू नका. पुढे कधी आणावंसं वाटलं, तुमच्या मनाने, कोणाच्या दडपणाने नव्हे, तर तेव्हा विचार करा. भेटायला गेलात तर नवऱ्याला बरोबर घ्या आणि परत कधी निघायचं ते आधी ठरवून जा.

आणि हे सगळं केल्यावर, काही दिवस बरं वाटल्यावर, एक दिवस तुम्ही पुन्हा चहा टाकायला उठाल. त्या दिवशी मोडून पडू नका. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसले होते, येशू मध्ये येऊन उभा राहिला, 'तुम्हांस शांती असो' म्हणाला, त्यांना आनंद झाला. हे आपल्याला पाठ आहे. त्यापुढे योहानाने आणखी लिहिलंय, की आठ दिवसांनी ते परत घरात होते आणि दारं पुन्हा बंद होती. ज्यांनी त्याला जिवंत पाहिलं होतं त्यांचीच. येशू पुन्हा आला, तेच शब्द बोलला. दारं का लावलीत, असं त्याने विचारलं नाही. योसेफाचंही तसंच. समेट झाल्यावर सतरा वर्षं भाऊ त्याच्या आधाराने मिसरात राहिले, बाप वारला, आणि भावांनी भीतीने निरोप पाठवला की आता सूड उगवू नकोस. तो निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला. त्या वेळी त्याला आतल्या खोलीत जावं लागलं नाही.

भावाला या आठवड्यात उत्तर द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. लांबण लावू नका, बचावही करू नका. एवढं सांगा: "दादा, आण्णांच्या औषधपाण्याचा माझा वाटा मी दर महिन्याला पाठवीन. माणूस ठेवायला मदत करीन, काय करायचं ते शिकवीन. त्यांना मी आत्ता पुण्याला आणू शकत नाही. क्षमेचं मी देवाशी बोलतेय, ते माझ्यावर सोड." तो रागावेल. एकदोन दिवस फोन करणार नाही. फोन करताना नवऱ्याला शेजारी बसवा, आणि ठेवल्यावर लगेच उठू नका.

तुमची बहीण